रेवाबेनच्या बाटलीत जाता जाता

मी ग्लायकॉल बोलतोय. आयुष्यभर नळांतून गुपचूप फिरलो, त्यामुळे पहिल्यांदाच तोंड उघडताना थोडी धडधड होतेय. सांभाळून घ्या.

दिसायला पाण्यासारखा, अंगानं जरा दाट, चवीला गोड. एका कारखान्यात जन्मलो आणि निळ्या ड्रममधून चरोतर भागातल्या या गावच्या दूध डेरीत आलो. काम एकच. यंत्राकडून गारवा घ्यायचा आणि दुधाच्या टाकीमागून फिरत तो दुधाला द्यायचा. दूध आणि मी, मध्ये स्टीलचा पत्रा. सहा वर्षं शेजारी राहिलो, पण एकमेकांना कधी शिवलो नाही.

उन्हाळ्यात माझी पातळी उतरली की डेरी सांभाळणाऱ्या हंसाबेन बोअरचं पाणी ओतायच्या. इथलं बोअरचं पाणी खारं. मी पातळ होत गेलो, नळ गंजले आणि तो गंज माझ्यात उतरला. चहासारखा तांबूस झालो मी. दूध वेळेत गार होईना. दोनदा आंबलं म्हणून मोठ्या डेरीतून परत आलं, तेव्हा हंसाबेननी मला शुद्धीकरणाला पाठवायचं ठरवलं.

शुद्धीकरणाच्या कारखान्याकडून इल्यासभाई टेम्पो घेऊन आले. मला कॅनमध्ये भरत होते, तेवढ्यात डेरीला दूध घालणाऱ्या रेवाबेन रिकामी बाटली घेऊन आल्या.

"हंसाबेन, एवढी भरून द्या ना. माझी म्हैस चांदरी व्याली त्याला चार दिवस झाले, वैरणीला तोंड लावत नाही. डोळे बघवत नाहीत तिचे."

"याचं काय करणार?"

"पाजणार! गेल्या वर्षी डॉक्टरसाहेबांनी माझ्या जावेच्या म्हशीला हेच ग्लायकॉल पाजलं होतं. तिसऱ्या दिवशी वैरणीवर तुटून पडली."

खोटं नव्हतं ते. व्यालेल्या म्हशीची ताकद खचली की माझी भावंडं औषध म्हणून देतात. पण ती औषधाची, स्वच्छ. माझ्यात गंज होता आणि नळ टिकावेत म्हणून मिसळलेली रसायनं होती. नको नको, असं मी आतल्या आत ओरडलो. कॅनमधून कुणाला ऐकू जाणार?

रेवाबेनची एक रीत होती. पेंड असो, गूळ असो, स्वतः चाखल्याशिवाय जनावराला द्यायचं नाही. त्यांनी बाटली भरली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. कडू लागू दे रे देवा, मी म्हटलं.

"गोड आहे की!"

"थुंका आधी!" इल्यासभाई धावले. "चूळ भरा, बेन!"

"का? एक बाटली कमी झाली तर तुमच्या पोटात दुखतं?"

"माझ्या नाही, म्हशीच्या पोटात दुखेल."

"तुम्ही टेम्पोवाले का गुरांचे डॉक्टर?"

इल्यासभाई रागावले नाहीत. "हंसाबेन, दुधाचं गाळणं द्या. जुनं असेल ते."

पांढऱ्या फडक्यावर त्यांनी मला ओतलं. खाली गेलो मी, वर उरला लालसर गाळ. रेवाबेननी वाकून पाहिलं. दुधात काडी निघाली तरी शरमेनं लाल होणारी बाई ती. मग हळूच म्हणाल्या, "बरं, आता गाळलं ना? खालचं द्या."

हंसाबेननी कपाळावर हात मारला.

"बेन, मीठ घातलेलं ताक गाळलं तर मीठ निघतं का?" इल्यासभाई हसले. "यातही तसंच विरघळलेलं आहे. हे नळांचं औषध, म्हशीचं नाही."

"मग माझी चांदरी?" आवाज एवढासा झाला होता.

हंसाबेननी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. रेवाबेननी मला शेवटच्या थेंबापर्यंत कॅनमध्ये ओतलं. कुणी नाकारल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

पुढे कारखान्यात, हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात मला तापवलं. भीती फार वाटली. आधी पाणी सोडून गेलं. मग मीही वाफ होऊन उठलो आणि दुसरीकडे गार होऊन स्वच्छ उतरलो. गंज, जुनी रसायनं, सगळं तळाशी राहिलं. कुठल्या कुठल्या डेऱ्यांचं ग्लायकॉल माझ्यात मिसळलं. आता यातला मी किती, ते मलाही सांगता येत नाही. मापात शुद्ध पाणी आणि नळांचं नवं औषध घालून मला परत इथे आणलं.

चांदरी वैरण खाऊ लागली. डॉक्टरांनी पाजलेल्या औषधात माझंच एक भावंड होतं म्हणे. परवा रेवाबेन तिचं दूध घालायला आल्या आणि माझ्या शिल्लक कॅनवर त्यांनी हंसाबेनकडून लिहून घेतलं, 'म्हशीला पाजू नये.' मग म्हणाल्या, "खाली लिहा, बाईनं चाखूही नये."

म्हणून तुम्हालाही सांगतो. मी थकलो तर ओढ्यात सोडू नका, पाठवून द्या. उकळून परत येईन. पण कॅनवर माझं नाव लिहायला विसरू नका. मला नुसतं गोड लागता येतं. सावध तुम्हीच करायचं.