नगारचीवरचा दुसरा रंग

मित्रांनो, मी एका खेळातला नगारची आहे. माझी उंची तुमच्या करंगळीपेक्षाही कमी भरेल आणि आता मी जुना झालो आहे. माझ्या अंगावर रंगाचा ठिपकाही उरलेला नाही. एके काळी मात्र माझ्यावर एकावर एक असे दोन रंग होते आणि त्यांतल्या दुसऱ्या रंगापायी दोन जिवलग मित्र एकमेकांना दुरावले. तीच हकिकत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म नांदेडचा. अमरेश गुरुजी तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवत. ते मूळचे उदगीरकडचे. त्यांनी तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा वळवला, नळाची गळती बुजवायला वापरतात ती पुट्टी मळली आणि सुईच्या टोकानं कोरून कोरून मला घडवलं. पुढ्यात नगारा, हातांत दोन टिपऱ्या, डोक्याला पागोटं. बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी माझ्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "हां, आता कसा माणूस दिसून राहिला!"

गुरुजींचे मित्र मार्तंडराव रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला होते. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत दोघांनी मिळून एक रणभूमी उभारली होती. ती एकसंध नव्हती. थर्माकोलचे चौकोनी तुकडे होते, हवे तसे एकमेकांशेजारी मांडता येणारे. एकावर बुरूज, एकावर खंदक, एकावर काळ्या रानातली गाडीवाट. या रविवारी खंदक पूर्वेला, तर पुढच्या रविवारी दक्षिणेला. गोदावरीची वाळू चाळून त्यांनी जमीन केली होती. तारा पिळून बाभळी केल्या होत्या. खंदकात वॉर्निशचे थर ओतून हिरवट पाणी साठवलं होतं. त्यावर आम्हा सैनिकांच्या दोन फौजा उभ्या राहत. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं आणि सैनिक पुढे सरकवायचे, असा तो खेळ. माझा नगारा जवळ असला की सैनिक पळून जात नाहीत, असा त्यांनी नियमच केला होता. त्यामुळे दोघंही मला फार जपत.

सैनिक घडवायचे गुरुजींनी आणि बुरूज बांधायचे मार्तंडरावांनी, अशी वाटणी होती. रंग दोघंही देत. मार्तंडरावांचा हात नेटका होता. कपड्याची किनार ते एका केसाच्या ब्रशनं ओढत. गुरुजींचा हात सैल होता, पण त्यांनी रंगवलेला माणूस आत्ता बोलेल असं वाटे. संध्याकाळपर्यंत त्या खोलीतून हसण्याचे आवाज येत. मित्रांनो, ते रविवार आठवले की अजून गलबलून येतं.

मग गुरुजींच्या डोळ्यांना साखरेनं गाठलं. आधी त्यांना किनारी दिसेनात, मग सैनिकांचे चेहरे. औषधपाणी चालू होतं, पण डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. सगळ्या फौजेत मला रंगवायचं तेवढं राहिलं होतं. "ह्याला मीच रंगवणार," असं म्हणून त्यांनी मला घरी नेलं. भिंग लावून, उन्हाच्या तिरिपेत बसून ते मला रंगवत राहिले. बायको शरणम्मा म्हणायच्या, "डोळे कामून शिणवून राहिले? राहू द्या की तो बाहुला." गुरुजी ऐकत नसत.

मी कसा झालो होतो, ते खरं सांगायला हवं. पागोट्याचा तांबडा रंग कपाळावर ओघळला होता. एक मिशी गालावर गेली होती. डोळे एका रेषेत नव्हते. पण तो रंग मला आवडत होता. त्यात त्या माणसाची सगळी चिकाटी होती.

रविवारी गुरुजींनी मला मार्तंडरावांच्या तळहातावर ठेवलं.

"बग, कसा झालाय?"

मार्तंडरावांनी मला उजेडात धरलं. त्यांचा चेहरा पडला, पण गुरुजींना तो दिसणार नव्हता.

"झकास," ते म्हणाले. "एकदम झकास, अमरेश."

"हाव ना? मला वाटलंच." गुरुजी लहान पोरासारखे हसले.

पुढच्याच महिन्यात हैदराबादला अशा खेळांचा मोठा मेळावा भरणार होता. दोघांनी आपली रणभूमी तिथं मांडायचं ठरवलं. मग एका दुपारी मार्तंडरावांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि मला नव्यानं रंगवलं. लोक आपल्या मित्राला हसू नयेत, असं त्यांच्या मनात होतं. आपल्या मांडणीत खोट दिसू नये, असंही होतं. कपाळ स्वच्छ झालं, मिशी जागेवर आली, बुबुळात पांढरा कणही चमकला. हे गुरुजींना सांगायचं मात्र राहून गेलं. खरं तर त्यांनी ते टाळलं.

हैदराबादला आमच्याभोवती गर्दी जमली. सगळे सैनिक अमरेशनं घडवले, असं मार्तंडराव ज्याला त्याला अभिमानानं सांगत होते. एक तरुणी माझ्याकडे वाकून गुरुजींना म्हणाली, "सर, या नगारचीचे डोळे काय सुंदर रंगवलेत! बुबुळातला पांढरा ठिपकासुद्धा दिसतो."

तसा ठिपका देणं गुरुजींना कधीच जमलं नसतं. त्यांनी मला उचललं आणि अंगठा माझ्या कपाळावरून फिरवला. तिथं त्यांच्या रंगाचा जाड ओघळ होता. आता ते कपाळ गुळगुळीत लागलं. मला जागेवर ठेवून ते खुर्चीत जाऊन बसले.

परतीच्या गाडीत मार्तंडरावांनी विचारलं, "बरं वाटत नाही का रे?"

"तो नगारची मी न्हाई रंगवला, मार्तंडा," गुरुजी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी नांदेड येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

त्यानंतर ते गच्चीवरच्या खोलीत आले नाहीत. नजर गेल्यामुळे नोकरी सुटली आणि दोघं नवरा-बायको लातूरला मुलीकडे राहायला गेले. मार्तंडरावांनी रणभूमीचे तुकडे पलंगाखाली सारले. बाभळींवर धूळ बसली. बुरुजाचा कोपरा उंदरांनी कुरतडला. आम्ही सैनिक बुटांच्या खोक्यात कोंबलेले होतो. कुणाचा भाला मोडला, कुणाचा हात.

बऱ्याच काळानं मार्तंडरावांनी मला बाहेर काढलं. आपला रंग तेवढा पुसावा आणि मित्राचा रंग मित्राला परत द्यावा, असं त्यांनी ठरवलं होतं. कापसाला थिनर लावून ते हलक्या हातानं मला घासू लागले. वरचा रंग सुटला आणि त्याच्याबरोबर खालचाही. कापसावर दोन्ही तांबडे एकमेकांत मिसळले होते. माझ्या अंगावर काहीच उरलं नाही.

तसाच उघडा मला घेऊन ते लातूरला गेले. शरणम्मांनी दार उघडलं. "या भावजी, लई दिसांनी!" म्हणून त्यांनी आत बसवलं. गुरुजींनी मला हातात घेताच ओळखलं.

"नगारची. अंगावर कायच न्हाई की याच्या."

मार्तंडरावांनी सगळं सांगितलं. "तुझाही रंग गेला रे माझ्या हातून. चुकलो मी."

"माझा रंग वाईटच होता. ते म्हाईत असतं तर म्याच ब्रश तुझ्या हातात दिला असता," गुरुजी म्हणाले. "पण तू झकास म्हणलास. मी तवा तुझ्या डोळ्यांनी बगून राहिलो होतो, मार्तंडा. ते डोळेच खोटे निघाले."

चहा झाला. गुरुजींनी मला ठेवून घेतलं, पण मित्राला 'पुन्हा ये' म्हणाले नाहीत. मार्तंडराव मान खाली घालून नांदेडच्या बसकडे निघून गेले. ती रणभूमी पुन्हा कधी मांडली गेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी खोक्यात पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा, धूळ झटका. आणि ज्यानं ते घडवलं त्या माणसालाही जपा. त्यानं 'कसं झालंय?' असं विचारलं, तर घाईनं झकास म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि जे दिसतं ते मायेनं सांगा. नंतर गुपचूप केलेली सुधारणा कितीही सुबक असली, तरी त्याला ती कधी ना कधी बोटांनी कळतेच.