नऊ डबे आणि अर्धं शिसं

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. पण मित्रांनो, लगेच मागे सरकू नका. मी जेमतेम वीतभर लांब आहे. तुमच्या पायावर पडलो तरी फार तर अंगठा सुजेल. लोक मला खेळणं म्हणतात. ज्यांच्या घरी मी राहतो, त्या मामंजींसमोर मात्र हा शब्द काढू नका, ते ताटावरून उठून जातील. ते मला मॉडेल म्हणतात.

मामंजी काही माझे सासरे नव्हेत. घरातली सून त्यांना तशी हाक मारते. ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून माझ्या अंगावरची पिवळी पट्टी रंगवली. पोटात मोटार बसवली आणि मोटारीच्या वर शिशाचा एक जाडजूड ठोकळा ठेवला. एवढं ओझं कशाला, असं तेव्हा मला वाटलं होतं. पुढे कळलं, की त्या ओझ्यामुळेच माझी चाकं रुळाला घट्ट धरून चालतात.

मामंजींच्या मागच्या खोलीत फळ्यांवर रूळ मांडलेले होते. एक बोगदा होता आणि एक चढही होता. शिवाय महिन्यातून एकदा आम्ही मंडळाच्या हॉलमध्ये जात असू. तिथे मामंजींसारखे हौशी लोक आपापली इंजिनं घेऊन येत. हॉलमधला चढ नऊ डबे घेऊन चढणारा मी एकटाच होतो. मी वर पोचलो, की मामंजींची मान अशी काही ताठ व्हायची, की जणू डबे त्यांनीच ओढले.

मग आवाजाची इंजिनं आली. ती गुरगुरत, भोंगा वाजवत, ब्रेक लावताना किंचाळत. मी मात्र शिवणयंत्रासारखा घरघरत जायचो. हळूहळू माझी पाळी शेवटी येऊ लागली, आणि एक दिवस मी वरच्या फळीवर गेलो. तिथे धूळ होती आणि एक आंधळा दिवा होता. बस्स.

फार दिवसांनी मामंजींनी मला खाली काढलं. त्यांनी कुठूनसा आवाजाचा एक बोर्ड आणला होता. पण तो दुसऱ्याच कंपनीचा, दुसऱ्याच इंजिनासाठी बनवलेला. माझ्या कंपनीनं माझ्यासाठी आवाज कधी काढलाच नव्हता. बोर्ड माझ्या पोटापेक्षा नखभर लांब होता. त्याची भोकं एकीकडे, माझे स्क्रू भलतीकडे. मामंजींनी खूप खटपट केली, मग घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा खोलीच्या दारातून हाक मारली, "सूनबाई, जरा येतेस का?"

सूनबाईचं कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. घरात तिच्या कामाला "ते मोबाईलचं" म्हणत. या खोलीत तर तिला केर काढायलाही बंदी होती. ती आली, मला उघडलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"मामंजी, याच्या मोटारीचं एक टोक सांगाड्याला टेकलंय. आधी ते सोडवते. नाहीतर वीज लागल्याबरोबर बोर्डाचा धूर निघेल."

"मी तेच म्हणणार होतो," मामंजी म्हणाले. ते मुळीच तसं म्हणणार नव्हते.

तिने मोटारीखाली पट्टी चिकटवली, माझ्या छताच्या आतले दोन खुंट कानशीने घासले, बोर्ड तिरका करून बसवला. तिचा हात किती हलका होता म्हणून सांगू! आवाजासाठी तिने मोबाईलमधला एक इवलासा स्पीकर माझ्या केबिनमध्ये बसवला. मग शिशाच्या ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "याला मात्र हात लावायचा नाही हं. हे आहे म्हणून हा ओढतो."

आणि मी पहिल्यांदा गुरगुरलो. खरं सांगतो, मला लाजच वाटली. आवाज माझा नव्हता. दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला गेल्यासारखं झालं. पण सूनबाईचे डोळे चमकत होते, म्हणून मी तो कोट अंगावर ठेवला.

"कसं वाटतंय, मामंजी?"

"बरंय. जरा किनरं आहे."

नेमके तेव्हा मंडळातले सिग्नलवाले चहाला आले होते. मंडळाचे सगळे सिग्नल तेच बनवतात, म्हणून त्यांना सगळे तसंच म्हणतात. ते खूश झाले. "ताई, माझी तीन इंजिनं मुकी पडलीत. मंडळाचं प्रदर्शन झालं की तुमच्याकडेच आणून देतो." त्या दिवशी सूनबाई स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलून ती कंटाळली होती. हे काम तिला मनापासून हवं होतं.

आता जे सांगायचंय ते सांगताना माझी पिवळी पट्टीसुद्धा लाल होते.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी सूनबाई दुकानात होती. मामंजींनी दार लावून घेतलं. त्यांना तो किनरा आवाज डाचत होता. त्यांनी मोठा स्पीकर आणला होता, पण तो ठेवायला जागा नव्हती. त्यांनी माझं शिसं काढलं, पकडीत धरलं आणि करवतीने अर्धं कापून टाकलं. शिशाचा कीस माझ्या दातेरी चाकांत सांडला. त्यांनी फुंकर मारली आणि झालं म्हणाले. मग मला सपाट रुळावर, एकही डबा न जोडता चालवून पाहिलं. मी काय गर्जलो! मामंजींनी टाळी वाजवली. मी मात्र आतून हलका झालो होतो. मला कळत होतं आणि बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. सूनबाई अर्धा दिवस दुकान बंद करून आली होती. मामंजींनी मला नऊ डबे जोडले. चढ लागला आणि माझी चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. मामंजींनी वेग वाढवला. वेग वाढवला की माझा बोर्ड आणखी मोठ्याने गर्जायचा. मी गर्जत होतो, धडधडत होतो, आणि डब्यांच्या ओढीने मागे मागे घसरत होतो. मुलं हसली, मग मोठी माणसंही हसली.

"अहो, हा तर नुसताच डरकाळ्या फोडतोय!" कुणीतरी म्हणालं. सिग्नलवाल्यांनी विचारलं, "काय हो, हे बसवलंय कुणी?"

मामंजींचे कान लाल झाले होते. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "सूनबाईनं."

सगळ्या माना वळल्या. ती पुढे आली. "माझंच काहीतरी चुकलं असेल," ती हळू म्हणाली, "घरी जाऊन बघते." सिग्नलवाले आपल्या पिशवीकडे बघू लागले. तिला द्यायची तीन इंजिनं त्यांनी त्या पिशवीत आणली होती. जाताना ती पिशवी ते तशीच घेऊन गेले.

मित्रांनो, माझ्या बोर्डात भोंगा होता, ब्रेकची किंचाळी होती, थंडीत इंजिन सुरू होतानाचा खोकलासुद्धा होता. पण "शिसं यांनी कापलं" असं सांगणारा एकही आवाज त्यात नव्हता. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही. तिच्या हातावर मी गप्प पडून होतो.

घरी तिने मला उघडलं. मोठा स्पीकर दिसला, मग करवतीची खाच दिसली. माझ्या काचेवर एक थेंब पडला, तो तिने पदराने पुसला. मग बारीक ब्रशने चाकांतला सगळा कीस काढून एका बाटलीच्या झाकणात गोळा केला. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी आणून तिने माझ्या तेलाच्या टाकीत आणि केबिनच्या कोपऱ्यांत भरले. मोठा स्पीकर तिने तसाच राहू दिला.

मामंजी दारात येऊन उभे राहिले. "काय झालं होतं गं?"

"काही नाही, मामंजी. जरा हलका झाला होता. आता ओढेल."

तिने ते झाकण त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि भाजी चिरायला निघून गेली. मामंजींनी झाकणात पाहिलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरं नाही, असं त्यांनी सूनबाईच्या सासूबाईंना सांगितलं. त्यानंतर सूनबाई त्या खोलीत आली नाही. मामंजींनी एकदा आढेवेढे घेत विचारलं, "आणखी एक बोर्ड आणू का?" ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी द्या, मामंजी. माझ्या हातचं चालत नाही, असं सगळ्यांनी पाहिलंय."

पुढच्या महिन्यात मंडळात जाताना मामंजी चपला घालून दारातच अडून बसले. "तू येणार असशील तरच जातो." ती नको नको म्हणत आली. माझा वेग कमीजास्त करायचा कंट्रोलर त्यांनी तिच्या हातात दिला. नऊ डबे जोडले, चढ आला, आणि मी गुरगुरत, न घसरता थेट वर पोचलो. टाळ्या पडल्या. सिग्नलवाले मामंजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शेवटी तुम्हीच दुरुस्त केलंत ना! म्हटलंच मी, जुना हात तो जुना हात."

मामंजींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मला वाटलं, आता हलवतीलच. मी चढावर उभा राहून वाट पाहत होतो. सूनबाई खाली बघत होती.

"तुझा स्क्रू ड्रायव्हर दे गं," मामंजी तिला म्हणाले.

त्यांनी मला उचललं, भर हॉलमध्ये टेबलावर ठेवलं आणि माझं छत काढलं. मुलं वाकून वाकून बघू लागली. मामंजींनी खाचेवर बोट ठेवलं. त्यांचा आवाज माझ्या पहिल्या स्पीकरपेक्षाही बारीक निघाला. "ही करवत मी चालवली. हात लावू नका म्हणून ही सांगत होती. आणि हिचं नाव घेतलं, तेही मीच."

सूनबाई पुटपुटली, "राहू द्या ना, मामंजी. छत लावते."

"नको, पोरी. उघडंच राहू दे. सगळ्यांना नीट बघू दे."

सिग्नलवाल्यांनी आपली तीच पिशवी उघडली आणि तिच्यात अजून पडून असलेली तिन्ही मुकी इंजिनं एकेक करत सूनबाईपुढे मांडली. तिने पहिलं उचललं, उलटं केलं आणि बोटावर तोललं. "याचंही शिसं कापायचं नाही हं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली ते मामंजींकडे बघून.

नंतर तिने माझी खाच भरून द्यायची तयारी दाखवली. मामंजींनी भरू दिली नाही. ती अजून माझ्या पोटात आहे. मित्रांनो, तुमच्या हातून कधी काही कापलं गेलं, मोडलं, सांडलं, तर कुणी विचारायच्या आत सांगून टाका. आम्ही वस्तू सगळं बघत असतो, पण तुमच्या वतीने बोलणं आमच्या हाती नसतं. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तासभर उघडा उभा होतो, आणि मला जराही लाज वाटली नाही.