गाडीत शेगडी नाही

"शेगडी खाली ठेवा, मावशी. मंगच गाडी हालते."

खुशालरावांनी पुन्हा पुन्हा सांगूनही तानुबाईने निखाऱ्यांची शेगडी मागच्या सीटपाशी रेटलीच. पौषातली सकाळ होती. दर्यापुरात वारा अंगात शिरत होता. तानुबाईची सून शकुन, ओली बाळंतीण, तापाने फणफणलेली, बाळाला पोटाशी धरून उभी होती. तिला अमरावतीच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

"बाळंतिणीले शेक नको का? तुह्या गाडीच्या इंजिनात त पाणीबी नाही म्हन्तेत!" तानुबाई म्हणाली.

खरंच नव्हतं. एका साहेबाकडून घेतलेल्या त्या जुन्या गाडीचं इंजिन पंख्याच्या वाऱ्यावरच निवायचं; त्यामुळे गरम पाण्यावर चालणारा हीटरही तिच्यात नव्हता. आधी खुशालराव तिच्यातून वांगी, झेंडू बाजाराला नेत. बायको कौशल्या गेल्यावर ते गावातल्या बाळंतिणींना दवाखान्यात नेऊ लागले. थंडीसाठी पोत्यात गुंडाळलेल्या तापल्या विटा ठेवून पाहिल्या. त्या वाटेतलं खल्लार येईतो गार होत. मग त्यांनी पत्र्याची नळी बसवली. इंजिनावरून तापलेला वारा तिच्यातून पायांशी येई. धूर त्या वाऱ्यात मिसळू नये म्हणून धुराचा पाइप त्यांनी मुद्दाम लांब वळवला होता.

तानुबाईने नळीपाशी नाक नेलं. "तेलाचा वास येते!"

"येते ना. वास आला का काच उतरवता येते. कोळशाचा वायू सांगून येत नाही. माही कौशल्या बंद खोलीत शेगडीपाशीच गेली. लेकरूबी गेलं. झोपेतच. दार तुमच्यासारख्याच एका बाईनं लावलं होतं, मायेनं."

शकुनचा नवरा नत्थुजी चिडला. "तुमचं दुख आमच्या डोक्यावर काहून, भाऊ? भाडं देतो ना आमी!"

"भाडं नको देऊ. पन कोळसा चढनार नाही. गावानं वाळीत टाकलं तरी नाही."

"मंग बैलबंडी जुंपतो."

"जुंप! सांज होईन तुले अमरावती गाठाले. तवर हिचा ताप थांबन का?"

शकुनने बाळ सासूच्या हातात दिलं. पदराने शेगडीचे कान धरून ती बाहेर ओढली, मातीत ठेवली आणि सीटवर जाऊन बसली.

"आत्याबाई, येता का? नाही त लेकरू द्या इकडं."

तानुबाई बडबडत चढली आणि नळीपासून पाय आखडून बसली. नत्थुजी पुढे बसला. खुशालरावांनी गाडी सुरू केली.

अमरावतीच्या अलीकडे, वलगावजवळ शकुन जड आवाजात म्हणाली, "दादा, वास येऊन राहिला."

"काच उतरव बोटभर," खुशालराव म्हणाले. "आन झोपू नको, बाई. माह्यासंग बोलत राय."