महाराजांच्या ताटातला गूळ

"महाराज, तुमच्या ताटात गुळाचा खडा ठेवून पाहू का?"

माझी मैत्रीण शमा हिनं पैज लावली होती की मी विचारणारच नाही. विचारलं! बोरी अरब गावातल्या मंडपातली सगळी गर्दी माझ्याकडे वळली. आईनं हात ओढला. "गप बस, उर्वशी! त्याईच्याच हाती माहा जीव हाये."

जीव होताच. महाराजांच्या सांगण्यावरून आईनं साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडल्या होत्या. रोज सकाळी वाटीभर सरकीचं तेल पीत होती. महाराज म्हणत, "चाकाले वंगण, देहाले तेल! साखर घसरून जाते, माय!" इकडे तिच्या पायाची जखम काळी पडत चालली होती.

चमत्कार असा : पहिल्या दिवशी रोग्याची लघवी मातीवर ओतायची, मुंग्या धावत. काही दिवस तेल प्यायल्यावरची लघवी मात्र महाराजांच्या पितळी ताटात ओतायची, एकही मुंगी फिरकत नसे. लोक पाया पडत.

मी खडा टाकलाच. मुंग्या आल्या, काठाशी थबकल्या, माघारी फिरल्या.

"काहो महाराज, गुळाची बी शुगर गेली काय?"

"पोरीच्या अंगात आलं! धरा तिले!" महाराज ओरडले.

कुणी पुढे येण्याआधीच मी वाकून ताटाचा काठ हुंगला. शेजारच्या मारोतरावांनीही हुंगला. "अरे, हे तं पऱ्हाटीवर फवारतो ते औषध!"

कपाशीवरच्या बोंडअळीच्या त्या वर्षांत घराघरात, चुलीपाशीसुद्धा, त्या औषधाचे डबे असत. वास नाकात इतका मुरलेला, की मंडपात तो कुणाला वेगळा जाणवलाच नाही.

तरी मारोतराव पुन्हा तेलाच्या रांगेत उभे राहिले. "दवाखान्यात पाय कापतेत, पोरी. कुठं तरी आशा पाह्यजे ना?"

माझं हसू तिथंच विरलं.

विज्ञानाच्या बाईंनी समजावलं होतं : इन्सुलिन स्नायूच्या पेशीला निरोप देतं, साखरेला आत घे. पण पेशीत चरबी साठली की तो निरोप अडतो, आणि साखर रक्तातच फिरत राहते. म्हणजे तेलानं साखर घसरत नाही, उलट अडकते! वाचणाऱ्यांनो, आशा जरूर धरा, पण आधी तपासून घ्या. गोळी सोडायला सांगणाऱ्याला तर पहिले तपासा.

घरी आई भिंतीला टेकून रडत होती. बाबा म्हणाले, "आणखी आठ दिवस पाहू."

"नाही, बाबा. तेवढे दिवस तिचा पाय थांबणार नाही. उद्या पहिल्या एसटीनं मी आईला यवतमाळच्या दवाखान्यात नेणार. तुम्ही येत असान तं चला, नाही तं मी एकटी नेईन."