सेउलाच्या अंगणातली फीत

मित्रांनो, माझ्या एका बटणाचा टवका उडाला आहे आणि झाकण रबराने बांधलेलं आहे, म्हणून मला लगेच भंगारात काढू नका. मी आपियातल्या तेलेसियाबाईंचा टेपरेकॉर्डर आहे. पंधरा वर्षं त्यांच्या खांद्याला लटकून मी अख्खं सामोआ पालथं घातलं.

बाई सकाळी बातमीदार आणि दुपारी दुभाषी. सरदारांच्या सभेत, फेरीबोटीवर, वादळाने छप्पर उडालेल्या घरात मी ऐकत असे. मग कचेरीत कोकोचा पेला शेजारी ठेवून बाई तेच बोलणं इंग्रजीत उतरवत. एकेका वाक्यासाठी मला दहादा मागेपुढे फिरवत. घेरी यायची, पण तेव्हा माझी ऐटही केवढी होती! ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

एकदा रस्त्याचं काम करणाऱ्या ग्रॅहम नावाच्या न्यूझीलंडच्या इंजिनिअरच्या गाडीखाली सापडून सेउला नावाच्या एका गावकरणीचा सात वर्षांचा मुलगा दगावला. आमच्याकडे अपराधी माणूस पहाटे गेलेल्याच्या घरासमोर बारीक विणीच्या चटईखाली डोकं झाकून बसतो. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाहीतर जे होईल ते सोसायचं. ग्रॅहम तसा बसला होता आणि सेउलाचे भाऊ कोयते घेऊन उभे होते.

संपादक इओसेफांनी बाईंना बजावलं होतं, "शब्दन् शब्द टेप करून आणा. पहिलं पान मोकळं ठेवलंय."

चटईखालून ग्रॅहम ब्रेकबद्दल, निसरड्या उताराबद्दल सांगू लागला. बाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या.

"हे बघ बाबा, तू बोलशील ते सगळं मी यांना सांगणार. एक अक्षर गाळणार नाही. ब्रेकचं सांगू?"

चटईखालून त्याचा आवाज आला.

"नको. गाडी मी चालवत होतो. एवढंच सांगा."

बाईंनी तेवढंच सांगितलं. ऊन अंगणात आलं तेव्हा सेउला उठली आणि तिने चटई उचलली. मग ती त्याच्याशी काहीतरी बोलली आणि बाईंकडे वळली.

"ताई, हे त्याला सांग. पेपराला नको."

बाईंनी त्याला सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला.

चटई उचलल्याची बातमी छापून आली. ती आई काय बोलली, हे इओसेफा विचारत राहिले. "मशीन अडकलं," बाई म्हणाल्या. मित्रांनो, मी अडकलो नव्हतो! पण इओसेफा चिडले, आठवड्याभरात नवा टेपरेकॉर्डर आला आणि माझी रवानगी बाईंच्या कपाटात झाली. त्या बदनामीचा मला आजही अभिमान वाटतो.

आता बाई थकल्या आहेत आणि त्यांची नातवंडं मला बाहेर काढतात. मुलांनो, माझी धूळ पुसा, मला ओलाव्यापासून जपा. जुन्या सभा, लग्नातली गाणी खुशाल ऐका. पण निळ्या कागदात गुंडाळलेली ती एक कॅसेट लावू नका. सेउला ते फक्त एका माणसाशी बोलली होती.