हक्कदाराची परवानगी

दातांच्या कवळ्या बनवणारीला चिकाटी लागतेच. तिची तर इतकी, की घरचे तिला ‘घोरपड’ म्हणत. घराण्याची वंशावळ लिहायला घेतली तेव्हा सगळे पूर्वज सापडले. फक्त पणजीला कुठे पुरलं, ते कुणी सांगेना. तिने एकेका दफनभूमीची कचेरी पालथी घातली. शेवटच्या कचेरीतल्या कारकुनाने मान डोलावली.

“आहेत इथे तुमच्या पणजी.”

“मग जागा दाखवा ना!”

“थडग्याच्या हक्कदाराच्या परवानगीशिवाय नाही.”

“हक्कदार कोण?”

“तेही त्यांच्या परवानगीशिवाय नाही सांगता येत.”

“म्हणजे ज्याची परवानगी आणायची, त्याचं नाव कळायला त्याचीच परवानगी?”

“बरोब्बर!” नियम एकदाचा कुणाला तरी कळला म्हणून कारकून खूश झाला.

तिने कपाळाला हात लावला. शेवटी कचेरीनेच तिचा अर्ज हक्कदाराला पाठवायचं ठरलं. मग हेलपाटे सुरू झाले. कधी साहेब रजेवर, तर कधी शिक्का कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. कवळीचं मेण वितळवतानाही तिला तो कारकूनच दिसू लागला.

मग एका दुपारी फोन आला.

“पणजीची चौकशी करणारी तूच का गं?”

आवाज थोरल्या काकांचा! दोन गल्ल्या सोडून राहणारे सख्खे काका. आजोबांची शिलाई मशीन कुणी न्यायची, यावरून बाबांशी बिनसलं, तेव्हापासून दोन्ही घरांचा अबोला होता.

“हक्कदार तुम्ही? अहो, मग सांगायचं नाही का?”

“विचारलं कुणी? इतकी वर्षं तिथलं गवत मीच उपटतोय. जागा दाखवीन, पण तुझ्या बापाला घेऊन ये.”

बाबा ऐकताच भडकले. “मेलो तरी जाणार नाही त्याच्याबरोबर!”

“मेल्यावर तिथेच जायचंय,” ती कडाडली. “आत्ता चपला घाला!”

बाबांनी मुकाट्याने चपला घातल्या.

थडगं भिंतीलगत होतं, स्वच्छ, घासलेलं. दगडावरचं पणजीचं नाव लख्ख वाचता येत होतं. दोघे म्हातारे दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे राहिले. तिने नाव, तारखा उतरवून घेतल्या. तेवढ्यात बाबा खाकरले.

“दादा, हा कोपरा फुटलाय.”

“तेवढंच दिसलं तुला! बाकीचं घासलं कुणी?”

“सिमेंट लावलं असतं तर…”

“तू ये ना लावायला!”

झालं! दगडावरून गाडी शिलाई मशीनवर गेली, तिथून कुणाच्या लग्नात कोण आलं नव्हतं त्यावर. तिने “चला आता” म्हणून पाहिलं. दोनदा, तीनदा. कुणी ढिम्म हलेना. तिचं डोकं भणभणायला लागलं.

“तू जा गं पुढे,” काका तिच्याकडे न बघताच म्हणाले. “याला सोडतो मी घरी.”

बाबा नाही म्हणाले नाहीत.