चौथा पाय

फॅक्टरीत मी सात वर्षं पेट्यांच्या झाकणाखालच्या आडव्या पट्ट्या केल्या. फक्त पट्ट्या. पेटी दुसऱ्या शेडमध्ये जुळायची, झाकण तिसरीकडे लागायचं. माझी पट्टी लागलेली अख्खी पेटी मी कधी उघडून पाहिली नाही. म्हणून आपल्या घरी कामाचा एक बेंच असावा असं मला वाटू लागलं. एखादी वस्तू पहिल्या खुणेपासून शेवटच्या घासणीपर्यंत आपल्या हातची असावी. पाट, पोराची गाडी, रेडिओची पेटी, काहीही. विकायची नाही, नुसती हौस.

ही १९७६ सालची गोष्ट. चेरीताल मोहल्ल्यात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. घराच्या मागे एक अंधारी खोली होती. तिचं दार इतकं अरुंद की खाट आत न्यायची तर तिरपी करावी लागे. ती खोली मी बेंचसाठी मागून घेतली. लीलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिथले कंडे, म्हणजे गोवऱ्या, आणि सरपण अंगणात हलवलं आणि पावसाळाभर ओल्या लाकडावर स्वयंपाक करताना मला त्याची आठवण करून दिली.

देवीदास मेश्राम फॅक्टरीत माझे उस्ताद. मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला आमच्याच शहरातल्या गोहलपुरात. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनीच लाकडाच्या टालावर नेऊन सागाचं एक जुनं दार निवडून दिलं. त्याची वरची फळी झाली. पायांसाठी सरईचं लाकूड घेतलं. ते इतकं कडक की पटाशीला दिवसातून तीनदा धार लावावी लागायची.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. टेपावरचे आकडेही नाही. मी काठीवर खाचा पाडून माप घ्यायचो. फॅक्टरीत बाकीचे हसायचे, उस्ताद हसायचे नाहीत. बेंचची उंची त्यांनी माझ्या अंगावरच मोजली. सरळ उभं राहायचं, हात सोडायचा, मूठ वळायची. मुठीच्या खालपर्यंत बेंच. त्याहून उंच झाला तर खांदा दुखतो, ठेंगणा झाला तर कंबर. तेवढी काठी कापली आणि ती बेंचची काठी झाली. जाडी, रुंदी, भोकांची जागा, सगळ्या खाचा तिच्यावर.

उस्तादांचा एकच नियम होता. खिळा नाही, सरस नाही. पायाच्या डोक्याला चूल काढायची, चूल म्हणजे लाकडाची जीभ. ती वरच्या चौकटीतल्या भोकात बसवायची आणि आडवी खुंटी मारायची. ते म्हणायचे, जे बसवलं ते उघडता आलं पाहिजे. जे उघडत नाही ते दुरुस्त होत नाही. पुढे बेंच दुसरीकडे न्यायचा झाला तर चार खुंट्या काढायच्या की काम झालं.

भोकं मी एकट्यानं पाडली, सुट्टीच्या दिवशी. तीन बरोबर आली. चौथ्याच्या वेळी बाहेर कोणीतरी हाक मारली, मी उठलो, परत येऊन बसलो आणि काठी लावली. आधीची तीन भोकं मी खाचेच्या आतल्या कडेनं आखली होती. चौथं बाहेरच्या कडेनं आखलं गेलं. म्हणजे खाचेच्या रुंदीएवढं मोठं झालं. आकडा वाचता येणाऱ्याच्या हातून अशी चूक होत नाही. पाय बसवला तेव्हा तो सैल दातासारखा हलला.

दुसऱ्या दिवशी उस्ताद पाहायला येणार होते. त्यांची परीक्षा ठरलेली होती. बेंचच्या एका कोपऱ्यावर काठोकाठ भरलेली चहाची कपबशी ठेवायची आणि दुसऱ्या कोपऱ्यावर फळी अडकवून रंधा मारायचा. बशीत थेंब पडला तर बेंच कच्चा.

मी चौथ्या पायाला लागून उभा राहिलो आणि गुडघा त्याच्यावर दाबून धरला. उस्तादांनी रंधा मारला. लांब, सरळ, कागदासारखी साल निघाली. चहा हलला, पण सांडला नाही. उस्तादांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, चलो, ठीक आहे. ते गेल्यावर मी खाली बसलो. गुडघ्यावर बेंचच्या पायाची कड उमटली होती.

त्यानंतरची वर्षं मला फार आठवतात. त्या बेंचवर मी गुणवंतची, माझ्या मुलाची, तीन चाकांची गाडी केली. रेडिओची पेटी केली, तिच्यातला रेडिओ गेला तरी पेटी अजून आहे. बुद्धाच्या मूर्तीसाठी भिंतीवरची चौकट केली, तिला जाळी कापायला मला सव्वा महिना लागला.

आणि त्याच बेंचवर मी अक्षर शिकलो. लीला नागपुरात सातवीपर्यंत शिकली होती. मला शिकव, हे तिला सांगायला मला लग्नानंतर आठ वर्षं लागली. सांगितलं तेव्हा ती हसली नाही. हात पुसून आली आणि खडूनं फळीवर अ काढला. रोज जेवणानंतर अर्धा तास. ती लिहायची, मी गिरवायचो, मग ओल्या फडक्यानं पुसायचो. पण मी जोर देऊन गिरवलं की चौथा पाय हलायचा आणि तिचं पुढचं अक्षर वाकडं व्हायचं. ती म्हणायची, शिकून राहिले तुमी, अन् अक्षर बिघडून राहिलं माहं.

मग मी तिला गुडघ्याची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. हसून झाल्यावर म्हणाली, “मले विचारलं ना? मंग त्यायले विचारायले काय होते?”

मला ते जमलं नाही. बायकोपुढे अडाणी ठरणं एक आणि उस्तादापुढे ठरणं दुसरं. ज्यानं माझ्या काठीवर विश्वास ठेवला, त्याला काठी चुकली हे कसं सांगू? एका रविवारी मी सरस वितळवला, चौथ्या भोकात ओतला आणि पाय ठोकून बसवला. वरून खुंटी मारली. पाय हलायचा थांबला. लीला म्हणाली, आता अक्षर सरळ येईल. त्याहून जास्त ती काही बोलली नाही, आणि कुणाला बोललीही नाही.

बेंचला सांभाळावं लागतं. उन्हाळ्यात लाकूड आवळतं, खुंट्या सैल होतात. पावसाळ्यात फुगतं. म्हणून दरवर्षी विजयादशमीच्या आधी, तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या गडबडीत, आम्ही बेंचचं काम उरकायचो. फळीवर रंध्याचा हलका हात, मग जवसाचं तेल. उस्ताद सायकलवर यायचे आणि खुंट्यांवर लाकडी हातोडा मारून आवाज ऐकायचे. एक, दोन, तीन. मग हातोडा माझ्या हातात द्यायचे. “चौथी तू मार.” दरवर्षी. मला वाटायचं, शिष्याला मान देतात.

लीला गेली त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून बेंचला तेल मिळालं नव्हतं. उस्तादांनी सायकल सोडली होती, माझे हात कापू लागले होते, आणि फळीवर सुनेची लोणच्याची बरणी आणि कूलर आले होते.

यंदा गुणवंतनं वर एक खोली काढली. जिना मागच्या खोलीतून न्यायचा, म्हणून ती खोली पाडायची ठरली. गवंडी सोमवारी येणार. बेंच वरच्या खोलीत न्यायचा, हे गुणवंतनं स्वतःच सांगितलं. मी म्हणालो, त्यात काय, चार खुंट्या काढायच्या.

रविवारी सकाळी खुंट्या काढल्या. तीन पाय हातात आले, चाळीस वर्षांनंतरही गुळगुळीत. चौथा येईना. आणि तो निघाल्याशिवाय बेंच त्या दारातून जाईना. गुणवंतनं ओढलं, ठोकलं. मग कपाळ पुसून म्हणाला, “बाबा, फळी बीच से काट देते हैं. वर नेऊन पट्टी लावून जोडून टाकू.”

तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या हातात करवत होती आणि दुसऱ्या दिवशी गवंडी येणार होता. पण करवत नेमकी त्या जागेवरून जाणार होती जिथे लीला खडूनं लिहायची. मी म्हणालो, दुपारपर्यंत थांब. आणि उस्तादांना फोन लावला.

ते ऑटोनं आले. पंचाऐंशी वर्षांचे, हातात काठी, कानाला मशीन. सुनेत्रानं, माझ्या सुनेनं, खुर्ची आणून दिली. ते बसले नाहीत. तीन पायांवर बोट फिरवत आले आणि चौथ्याजवळ थांबले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलंच नाही. मलाच बोलावं लागलं.

“उस्ताद, याच्यात सरस आहे. मी ओतला. भोक मोठं झालं होतं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“चहा प्यालो त्या दिवसापासून. रंधा मारून राहिलो मी, अन् घाम तुले. तुहा गुडघा मले दिसत नव्हता काय?”

गुणवंत आमच्याकडे पाहत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, “मग बोलले काहून नाही?”

उस्तादांनी खुर्ची ओढली आणि आता बसले. “तू विचारशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो. दरसाल हातोडा तुह्या हाती देत होतो ना. तू मारायचा अन् तोंड फिरवायचा.” मग म्हणाले, “मीही विचाराले पाहिजे होतं. दोघंही बैलच.”

त्यांनी सांध्यावर बोट ठेवलं. विचारलं, जुना सरस आहे ना, आजकालचा पांढरा गोंद नाही ना? मी म्हणालो, जुना, जनावराच्या कातड्याचा. मग कापायची गरज नाही, म्हणाले. तो गरम पाण्याला सुटतो.

सुनेत्रानं पातेल्यात पाणी उकळलं. आम्ही फडकी भिजवून सांध्याभोवती गुंडाळली, थंड झाली की बदलली. पाऊण तास गेला. हळूहळू सरसाचा वास सुटला, ओल्या चामड्यासारखा, थोडा गोडसर. सुनेत्रानं नाकाला पदर लावला. मी मात्र तिथून हललो नाही. तो रविवार, स्टोव्हवरचं डबडं, आणि आता अक्षर सरळ येईल म्हणणारी लीला, सगळं त्या वासात होतं.

उस्ताद म्हणाले, मार आता. मी खालून हातोडा मारला. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा पाय कण्हल्यासारखा आवाज करून सुटला.

गुणवंतनं आणि शेजारच्या पोरांनी फळी तिरपी करून दारातून काढली आणि वर नेली. उस्तादांना दोघांनी धरून बांधकामासाठी बाहेरून केलेल्या कच्च्या पायऱ्यांवरून वर आणलं. तीन पाय बसले. चौथ्यासाठी त्यांनी सरईची एक ढलपी मागितली आणि मला पटाशीनं तिची पातळ पाचर करायला लावली. ते म्हणाले, घाई नाही. चुलीच्या बाजूला पाचर घातली, पाय बसवला, खुंटी मारली. एवढंच काम होतं. चाळीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर एवढंच होतं.

उस्तादांनी सुनेत्राला चहा मागितला. काठोकाठ भर म्हणाले. ती कपबशी त्यांनी कोपऱ्यावर ठेवली आणि रंधा माझ्या हातात दिला. मी फळी अडकवून बेंचशी उभा राहिलो. सवयीनं, माझ्याही नकळत, गुडघा चौथ्या पायाला टेकला.

“अंबादास,” उस्ताद म्हणाले, “गुडघा काढ.”

मी एक पाऊल मागे झालो आणि रंधा मारला.